पिगमेंट, आषाढ आणि दोन गळलेल्या रेघा

रविवार, २० जुलै. रात्रीचे साडेअकरा.

प्रिंटरच्या चौदाव्या नोझल चेकला, म्हणजे शाईची सगळी भोकं चालू आहेत का ते बघायच्या छपाईला, एकदाचा फिका गुलाबी आला. पूर्ण नाही, त्या पायऱ्यांच्या नक्षीत दोन रेघा अजून गळलेल्याच आहेत. पण काल तिथे कोरा कागद होता, त्यामुळे आज जेवताना मी उगाच खुशीत.

चूक माझीच. लावणीला गावी निघायच्या दिवशी घाईत एक प्रिंट टाकली, ती अर्ध्यात असताना लाइट गेली, आणि एसटीची वेळ झाली म्हणून तसाच निघालो. लाइट मध्येच गेली की शाई उडवणारं हेड जागेवर परत जात नाही आणि शाई वाळू न देणारी खालची रबरी टोपी त्याला बसत नाही. टाकीत कंपनीची डाय शाई असती तर दोन-तीन क्लीनिंगमध्ये भागलं असतं कदाचित. माझ्या टाक्यांत बाहेरची पिगमेंट, आणि हेड अकरा दिवस उघडं. चिपळूणच्या आषाढात दोरीवरचा टॉवेल वाळत नाही, शाई मात्र बरोबर वाळली.

डाय म्हणजे सरबत, रंग पाण्यात पुरता विरघळलेला. पिगमेंट म्हणजे ताक. कण अगदी बारीक, १०० नॅनोमीटरच्या आसपासचे, पण शेवटी कणच. ठेवून दिलं की साका खाली बसतो. बाटली हलवून भरावी लागते, आणि प्रिंटर नुसता बसवून ठेवून चालत नाही.

मग घेतली कशाला? आजीच्या फोटोसाठी. ती गेली तेव्हा मीच घरी छापून फ्रेम केला होता, डाय शाईत, स्वस्तातल्या ग्लॉसी कागदावर. ओटीच्या भिंतीला ओल, समोरून संध्याकाळचं ऊन. तीन पावसाळ्यांत चेहऱ्यातला गुलाबी उडाला आणि आजी पिवळट-हिरवी दिसायला लागली. हाराखालची पट्टी तेवढी मूळ रंगाची राहिली. हार बदलताना ती पट्टी दिसायची आणि मला कानकोंडं व्हायचं.

माझा प्रिंटर सहा रंगांचा, टाक्यांचा, डायसाठीच बनवलेला. त्याचं हेड पायझो, म्हणजे विजेने वाकणारा स्फटिक शाई ढकलतो, ती तापवत नाही. म्हणून तर बाहेरची पिगमेंट त्यात खपते. कॅनन आणि एचपीच्या घरगुती इंकजेटमध्ये शाई तापवून बुडबुडा करतात आणि त्या बुडबुड्याने थेंब उडवतात. तिथे मी हा उद्योग केला नसता. तरीही आधी सगळी डाय उपसली, नळ्या क्लीनिंगच्या पाण्याने सिरिंजने धुतल्या. दोन शाया एकत्र आल्या तर गुठळ्या होऊ शकतात. एक पूर्ण रविवार आणि एक चांगला शर्ट त्यात गेला.

पहिली प्रिंट बघून मी हबकलोच. सरळ धरली तर ठीक, जरा तिरकी केली की आजीच्या काळ्या केसांवर तांब्याची झाक, पेट्रोल पंपासमोरच्या डबक्यावर दिसते तशी. याला ब्राँझिंग म्हणतात. महागड्या पिगमेंट प्रिंटरांपैकी काहींत वरून पारदर्शक थर द्यायची वेगळी टाकी असते, ती माझ्याकडे कुठून असणार! वर त्या स्वस्त ग्लॉसीवरून अंगठा फिरवला तर काजळासारखं काळं बोटाला. शेवटी मॅट कागदावर आलो. काळा तेवढा गडद येत नाही, पण निदान बोटाला लागत नाही.

रंगांचं वेगळंच. कॉम्प्युटरमधल्या प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, ड्रायव्हरला, वाटतं टाकीत कंपनीचीच शाई आहे, त्या हिशेबाने तो थेंब टाकतो. चौकोनांचा तक्ता छापून, मोजायचं यंत्र असलेल्या माणसाकडून या शाई-कागदाचं प्रोफाइल, म्हणजे रंग जुळवून देणारी फाइल, करून घेतलं, तेव्हा कुठे आजी आजीसारखी दिसली. ट्यूबलाइटखाली, असं म्हणायला हवं. ओटीवर नेली की किंचित हिरवट. एप्सनचा २००० साली आलेला स्टायलस फोटो २०००पी, घरगुती फोटो प्रिंटरमधला अगदी सुरुवातीचा पिगमेंटवाला, त्याचीही हीच तक्रार होती. तेवढ्या वाचनावर मी स्वतःची समजूत काढली.

पण फेब्रुवारीत पश्चिमेच्या खिडकीत दोन पट्ट्या चिकटवल्या होत्या, एक डाय, एक पिगमेंट, दोन्हींचा अर्धा भाग पुठ्ठ्याखाली. मे अखेरीस पुठ्ठा काढला. डायच्या पट्टीवर सीमारेषा स्पष्ट दिसली. पिगमेंटची मला उजेडात धरून शोधावी लागली. नळाखाली धरली तरी रंग फुटला नाही. त्या दिवशी आईला हाक मारून दाखवली. ती म्हणाली, "छान आहे हो. पण स्टुडिओत देऊन आला असतास तर चार महिने वाचले असते ना?" यावर उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

शाई निम्म्या भावात पडते, हा माझा आवडता हिशेब. या आठवड्यात चौदा चेक आणि त्यातल्या क्लीनिंगमध्ये किती मिली आतल्या वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया शाई शोषणाऱ्या गादीत, गेली ते मी त्यात धरत नाही. दुरुस्तीवाला फोनवरच म्हणाला, "हेड गेलं, दादा." नव्या हेडचा आकडा ऐकून मी फोन ठेवला आणि टिश्यूची घडी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून रात्रभर हेडखाली सरकवली. सकाळी तिच्यावर गुलाबी डाग पाहून जीव भांड्यात पडला. सिरिंजने दाब द्यायचा मोह झाला होता, पण त्याने हेड आतून फुटू शकतं.

आता दर रविवारी सहा रंगांची एक पट्टी छापायची, गावी जाणार असलो तर निघायच्या आधी. त्या पट्ट्या आई मापात कापून स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिकटवते, वर पेनने नाव घालते. ओल्या हाताने पुसल्या तरी रंग जात नाही, हे तिचं एकमेव प्रमाणपत्र. आजची, गुलाबीत दोन रेघा नसलेली, नाचणीच्या पिठाला गेली.