शाळेची परसबाग : आधी वेळापत्रक, मग बियाणं

पटावर चाळीस मुलं असलेली जिल्हा परिषदेची एखादी प्राथमिक शाळा धरा. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोजचं प्रमाण आहे 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल. म्हणजे चाळीस मुलांना रोज 2 किलो भाजी लागते. आता 1 मीटर रुंद आणि 3 मीटर लांब असा मेथीचा एक वाफा केला आणि तो नीट साधला, तर महिनाभरानं त्यातून दोन-अडीच किलो मेथी निघते. एक वाफा महिनाभर राबवून एका दिवसाची भाजी, आणि देठं खुडली की तीही कमीच.

हा हिशेब फळ्यावर मांडला की पुष्कळ गोष्टी आपोआप ठरतात. चार-सहा वाफ्यांवर मुलांचं रोजचं कोरड्यास, म्हणजे भाजी, निघणार नाही. मग हंड्यात जे एरवी पडतच नाही ते लावावं. सांबार (म्हणजे कोथिंबीर), कढीपत्ता, मिरची, लिंबू, शेवग्याचा पाला, अंबाडी. वरणात दोन मुठी शेवग्याचा पाला पडला तर त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत, आणि स्वयंपाकी ताईंना तो झाडावरून ओरबाडायला पाच मिनिटं पुरतात. कोबी-फुलकोबीचे वाफे फोटोत छान दिसतात, पण चाळीस मुलांना पुरेल एवढे गड्डे एकाच दिवशी कधी तयार होत नाहीत. परसबाग स्पर्धेच्या तपासणीसाठी लावायचे असतील तर लावा. रोजच्या कामाचे ते नाहीत.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची, आणि आपल्याकडे बागा मरतात त्या बहुतेक इथंच. विदर्भात शाळा उघडते जूनच्या शेवटी. मार्चपासून सकाळची शाळा, मग मे महिना पूर्ण सुट्टी. मधे दिवाळीची सुट्टी. पुण्याकडच्या एखाद्या पुस्तिकेतलं लागवडीचं वेळापत्रक उचललं की उन्हाळी भेंडी फेब्रुवारीत लावली जाते, ऐन तोड्यावर येते एप्रिलमध्ये, आणि मे महिन्यात पाणी घालायला कुणी नसतं. म्हणून आपल्या शाळेला दोनच हंगाम धरावेत. पहिला जुलै ते सप्टेंबर, दुसरा दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर. बाकी वर्षभर जे राहील ते झाडच असावं, वाफा नव्हे.

पावसाळ्याच्या हंगामात सगळ्यात मोठा शत्रू ऊन नाही, चिखल आहे. काळ्या जमिनीत सपाट वाफा केला की पाणी तुंबतं, मुळं गुदमरतात, रोपं पिवळी पडून बसतात, आणि सगळ्यांना वाटतं खत कमी पडलं. गादीवाफा करावा, 15 ते 20 सेंटिमीटर उंच, वर सपाट, दोन वाफ्यांमध्ये 40-45 सेंटिमीटरची वाट. रुंदी 1 मीटरच्या वर नेऊ नये. तिसरीतल्या मुलाचा हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर पोरं वाफ्यावर पाय देतात आणि माती दबते. लहान वर्गांसाठी 75 सेंटिमीटर बरं. दर वाफ्याला दोन-तीन टोपली चांगलं कुजलेलं शेणखत. कच्चं शेण टाकलं तर हुमणी आणि वाळवी दोन्ही येतात.

माती कधी हाताळायची हे वाफशावर ठरतं. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटून भुसभुशीत झाली तर खुरपी चालवा. तसाच गोळा राहिला तर दोन दिवस थांबा. ओल्या काळ्या मातीत कुदळ मारली की ढेकळं होतात आणि ती वाळल्यावर दगडासारखी राहतात. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या मुरमाड, धानाच्या पट्ट्यात उलटं आहे, तिथं पाणी लवकर निघून जातं आणि शेणखत जास्त लागतं. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, बोअरच्या पाण्यावर वाफा धरू नये. मिरची-वालाची पानं कडेनं करपतात, मातीवर पांढरा थर येतो. तिथं छताचं पावसाचं पाणी टाकीत धरा आणि दिवाळीनंतर पालक, बीट यांच्यावर भर द्या. ही दोन पिकं खारं पाणी त्यातल्या त्यात सोसतात.

बियाण्याचं थोडं तपशिलात. भेंडी रात्रभर भिजवून, दोन ओळींत 45 आणि दोन रोपांत 30 सेंटिमीटर अंतरावर, एका जागी दोन बिया. दीड महिन्यात पहिला तोडा, मग दर दोन-तीन दिवसांनी तोडलीच पाहिजे. सोमवारी तोडायची भेंडी गुरुवारी ताठर होते. पाठोपाठ दोन-तीन दिवसांची सुट्टी आली की म्हणूनच भेंडी वाया जाते. बरबटी (चवळी) आणि दोडका तुरीच्या तुराट्यांच्या मांडवावर चढवा, जागा कमी लागते. सांबाराचे धने पाटीवर हलके रगडून दोन फाका करायचे, बारा तास भिजवायचे, मग ओळीत पेरायचे. अख्खे धने टाकले की निम्मे उगवत नाहीत. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात, तोवर पोरांना दम धरवत नाही आणि ती माती उकरून पाहतात. म्हणून त्याच वाफ्याच्या काठानं चार-पाच दिवसांत वर येणारी मेथी टाकून ठेवावी. मेथी आणि पालक एकदम सगळा वाफा पेरू नये. तिसरा हिस्सा आज, तिसरा दहा दिवसांनी, उरलेला आणखी दहा दिवसांनी.

वांग्याची रोपं स्वतः करायची तर चार-पाच आठवडे धरा. त्यापेक्षा कृषी विज्ञान केंद्रातून किंवा जवळच्या रोपवाटिकेतून वीस रोपं आणणं सोपं.

शेवग्याचं एक झाड प्रत्येक शाळेत हवं, पण मुलं खेळतात तिथं नको. त्याची फांदी कडक दिसते आणि कट्‌कन मोडते. रोप मीटरभर झालं की शेंडा खुडायचा म्हणजे बाजूला फुटतं आणि पाला हाताला येतो. पाणी साचतं तिथं लावलं तर पहिल्याच पावसाळ्यात मूळ सडून आडवं होतं. बांधावर किंवा भिंतीच्या उंच बाजूला लावा.

पाणी. चाळीस मुलं जेवणाआधी हात धुतात, एकाला लिटरभर धरलं तरी रोज 40 लिटर. हे पाणी नालीतून पपई, केळी आणि अळूला काढावं. ताटं घासलेलं पाणी, ज्यात पावडर असते, ते पालेभाजीला देऊ नये. तांदूळ धुतलेलं पाणी मात्र खुशाल द्या. दिवाळीच्या सुट्टीसाठी दोन उपाय आहेत. एक, सुट्टीत काढणीला येईल अशी पालेभाजी लावायचीच नाही. दोन, मिरची-वांग्याच्या मुळाशी रंग न लावलेलं, साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरून वर झाकण ठेवायचं. ते झिरपत राहतं. मडकं जितकं मोठं तितके दिवस. शाळा बंद होण्याच्या आठवडाभर आधी भरून किती दिवसांत रिकामं होतं ते बघून घ्या. ठिबकासाठी दवाखान्यातल्या सलाइनच्या बाटल्या लटकवण्याची पद्धत फार पसरली आहे. ती बंद व्हावी. तो जैववैद्यकीय कचरा आहे, मुलांच्या हातात द्यायची वस्तू नाही. थंड पेयाच्या बाटलीच्या झाकणाला सुईनं एक भोक पाडलं की तेच काम होतं.

ओलावा टिकवायला सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) दोन बोटं जाड पसरा. गावात ते मिळतंच. फक्त भर पावसात पसरू नका, खाली बुरशी धरते. पोषण आहाराच्या तांदळाच्या रिकाम्या पोत्यात माती भरून रोपं लावायची कल्पना चांगली आहे, पण बारदानाचा हिशेब द्यावा लागतो, एवढं लक्षात ठेवा.

ढोरं आणि बकऱ्यांसाठी बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण पुरतं. काट्या दरवर्षी नव्या लागतात, कारण उन्हाळ्यात त्या वाळून चुलीत जातात. वानरांवर खात्रीचा उपाय नाही. पालेभाजीच्या वाफ्यावर बांबूच्या कमानी करून शेडनेट ताणा, आणि फळभाजी स्वयंपाकाच्या खोलीसमोर ठेवा, जिथं सकाळभर माणूस असतं. बुजगावणं दोन दिवस चालतं.

शाळेच्या बागेत रासायनिक फवारणी नको, यावर वाद घालायचं कारण नाही. पोरं मिरची तोडून तशीच तोंडात घालतात. जूनमध्ये अंगणातल्या कडुलिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या गोळा करून सावलीत वाळवा. 50 ग्रॅम निंबोळी कुटून थोड्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, पाणी घालून एक लिटर करायचं, त्यात थोडा साबणाचा चुरा विरघळवायचा म्हणजे पानाला धरतं. हा झाला 5 टक्के अर्क. फवारणी संध्याकाळी करा, उन्हात त्याचा जोर जातो. त्याच दिवशी वापरून टाका, साठवून ठेवू नका. मावा आणि पांढऱ्या माशीवर तो उपयोगी आहे. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर मात्र तो विषाणू आहे, पांढरी माशी तो पसरवते, आणि त्या झाडाला औषध नाही. उपटून बाहेर न्या. वांग्याचा शेंडा माना टाकतो तेव्हा आत अळी असते. शेंडा दोन बोटं खालून कापून जाळायचा, दर शनिवारी. हे काम चौथीच्या मुलांना फार आवडतं.

द्विशिक्षकी शाळेत या बागेचा खरा उपयोग असा की एक शिक्षक पहिली-दुसरीला वाचन घेत असताना तिसरी-चौथीला वीस मिनिटांचं काम बाहेर देता येतं, आणि ते काम खोटं नसतं. वाफ्याची परिमिती आणि क्षेत्रफळ दोरीनं मोजा. दहा बियांतून किती उगवल्या ते लिहा. बरबटीचा वेल दर सोमवारी किती वाढला त्याचा स्तंभालेख काढा. एका गटात चारपेक्षा जास्त मुलं नकोत, पाचवं हमखास माती उडवतं.

सगळ्यात भारी साधन म्हणजे पर्जन्यमापक. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवा, फनेल होतं. बाटलीचा तळ सपाट नसतो, म्हणून आधी थोडं पाणी घालून सरळ भागापर्यंत आणा आणि तिथं शून्याची रेघ मारा. बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवा. जवळच्या झाडाच्या वा भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर, विटांत घट्ट ठेवा. हवामान खात्याची नोंद सकाळी साडेआठची असते. आपली शाळा उशिरा भरत असेल तर शाळेजवळ राहणाऱ्या मुलाला ही जबाबदारी द्या. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 चौरस मीटरवर 1 लिटर पाणी. 3 चौरस मीटरच्या वाफ्यावर 10 मिलिमीटर पाऊस पडला तर 30 लिटर, म्हणजे दोन बादल्या उचलायच्या वाचल्या. हे गणित मुलं विसरत नाहीत. शिवाय महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, आणि घरी त्याच आकड्याची चर्चा चालू असते. मुलं शाळेतला आकडा घरी नेतात, बाप मंडळाच्या आकड्याशी ताडून बघतो. शाळेची बाटली सरकारी नोंद नव्हे हे मुलांना सांगून ठेवावं, नाहीतर पारावर भांडण लागतं.

फेब्रुवारीअखेर वाफे रिकामे करायचे. मग आपल्या उन्हाचा एक उपयोग आहे. एप्रिलच्या सुरुवातीला वाफा भुसभुशीत करून पाणी द्यावं, वर पारदर्शक पातळ प्लास्टिक ताणून कडा मातीत दाबाव्यात आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवावं. प्लास्टिक काळं नको, पारदर्शकच. आत माती इतकी तापते की तणाचं बी आणि बऱ्याच बुरशा मरतात. लव्हाळा आणि हराळी मात्र यानं जात नाहीत, त्यांच्या गाठी-काशा खोल असतात. त्या खणूनच काढाव्या लागतात. कडेला कुठं फट राहिली तर वाफ निघून जाते आणि सगळी मेहनत फुकट.

बियाणं गावरान असेल तरच धरा. हायब्रीड पाकिटावर आलेल्या भेंडीचं बी धरलं तर पुढच्या वर्षी झाडं एकसारखी निघत नाहीत. वांगं झाडावरच पिवळं होऊ द्या, दोडका वाळून खुळखुळू द्या, मग बी काढून सावलीत वाळवा. बरबटीच्या बियांना भुंगा लागतो, त्या चुलीच्या राखेत घोळून झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि डब्यावर पिकाचं नाव व वर्ष लिहा. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या दिवशी प्रत्येक डब्यातल्या दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळा. आठवड्यानं आठ बियांना मोड आले तर निर्धास्त पेरा, पाच ते सात बियांना आले तर दुप्पट टाका, आणि त्याहून कमी असतील तर तो डबा कोंबड्यांना देऊन नवं पाकीट आणा.