मजबुतीची पट्टी

गाडी क्रेनवरून उतरवली तेव्हा बोनेट दुमडलेलं, बंपर लोंबकळलेला, दोन्ही हेडलाइट फुटलेले. पुढून मार खाल्लेल्या गाडीत ते असणारच. मी दरवाजांच्या फटी बघतो. ड्रायव्हरचा दरवाजा मागे सरकून मागच्या दरवाजाला टेकला होता. तो उघडायला टॉमी घालावी लागली. डावा दरवाजा मात्र एका हाताने उघडला आणि नीट लागला. मार सरळ समोरून, मग एकाच बाजूचा दरवाजा का अडकावा?

गाडी दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराची. मुलगा चालवत होता, शेजारी आई. घोटीहून परत येताना वाडीवऱ्हेच्या अलीकडे पुढचा पिकअप एकदम थांबला आणि ही मागून आदळली. पिकअपला मागे लोखंडी गार्ड होता, त्यामुळे मार बंपरच्या उंचीवर आणि जवळजवळ पूर्ण रुंदीत बसला. आईला सीटबेल्टचा वळ सोडला तर काही नाही. मुलाचा उजवा घोटा मोडला होता. वडील नाशिकला अंबडमध्ये आमच्या वर्कशॉपवर आले ते थेट दवाखान्यातून.

"भाऊ, पुढचं सगळं बदला, पण लवकर द्या. माल निघायला आलाय, गाडी लागते."

"काका, आधी उघडून बघू द्या."

बंपर, बोनेट आणि दोन्ही फेंडर काढले, गाडी लिफ्टवर घेतली. मोनोकॉक गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नसते, पत्र्याचा सांगाडा हीच चॅसी. इंजिनच्या दोन्ही बाजूंनी पेटीसारखे दोन मेंबर पुढे येतात. त्यांच्या टोकाला क्रॅश बॉक्स, म्हणजे सगळ्यात आधी चेपायचा डबा, आणि मेंबरवर ठरावीक अंतराने मुद्दाम दाबलेल्या खाचा असतात. मार बसला की मेंबरने त्या खाचांवर घडी घालत जायचं. घडी पडताना टक्करीचा जोर खर्च होतो आणि माणसं बसतात तो पिंजरा शाबूत राहतो.

डावा मेंबर तसाच वागला होता. खाचांवर एकामागून एक घड्या, आणि त्याच्या मागे फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि माणसांच्या मधल्या पत्र्यावर, रंगाचा टवकाही उडालेला नाही. आमच्या चाचांनी, म्हणजे आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या डेंटरनी, त्या घड्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "याने आपलं काम केलं."

उजवा मेंबर जवळजवळ सरळ होता. क्रॅश बॉक्स चेपलेला, मागचा मेंबर ताठ. वडिलांना ते बघून बरंच वाटलं. "ही बाजू वाचली म्हणायची," ते म्हणाले. मी बॅटरी लावून मेंबरच्या मुळाशी बघितलं. तिथे फायरवॉलचा पत्रा आत गेला होता, सीलर तडकला होता. आत, पायाशी, ब्रेक पेडल जागा सोडून ड्रायव्हरकडे सरकलेलं. काचेच्या खांबाला वर, छताला मिळतो तिथे, पत्र्यावर सुरकुती. मेंबर वाचला होता तो पिंजऱ्याच्या जिवावर.

त्याच्यावर अंडरकोटचा जाड थर होता, कंपनी मारत नाही इतका जाड. खरवडला तर खाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी. चुंबक धरेना. लांबी ग्राइंडरने उडवली आणि गोष्ट उघडी पडली. कंपनीच्या जोडावर ओळीने स्पॉट वेल्डचे गोल ठसे असतात. इथे एकही ठसा नव्हता, वेल्डिंगचा सलग जाड टाका होता. पत्रा गॅसवर लाल करून सरळ केल्याच्या खुणा होत्या. आणि आतून, नेमकी खाचांवरून जाणारी लोखंडी पट्टी ठोकलेली होती.

गाडी घेताना आधीच्या मालकाने सांगितलं होतं म्हणे, थोडं लागलं होतं, पण चांगली मजबूत करून घेतलीय. काका मला म्हणाले, "पट्टी मारली म्हणजे चांगलंच केलं ना? हललीसुद्धा नाही बघा."

पट्टी मारणारा मिस्तरी लबाड असेल असं मला वाटत नाही. ट्रकच्या चॅसीला तडा गेला तर पट्टी मारणं हा योग्य इलाज आहे आणि पिढ्यान्पिढ्या हात तसेच तयार झालेत. पण मोनोकॉकच्या पुढच्या मेंबरला तोच न्याय लावला की चालवणाऱ्याच्या पायावर येतं. मी काकांना दोन्ही बाजू आळीपाळीने दाखवल्या. एकच गाडी, एकच टक्कर, एकच वेग. डावीकडे घडी पडली, तिथे बसलेली बाई चालत घरी गेली. उजवीकडे घडी पडू दिली नाही, तिथे घोटा मोडला. हिशोब साधा आहे: त्याच वेगातली गाडी थांबायला निम्मी जागा मिळाली, तर सरासरी झटका दुप्पट बसतो. उजव्या मेंबरने घडी घातली नाही, म्हणून ती जागा फायरवॉलला द्यावी लागली आणि फायरवॉलच्या आत मुलाचा पाय होता. इतक्या वर्षांत मी पुष्कळ चेपलेल्या गाड्या पाहिल्या, पण चूक आणि बरोबर एकाच गाडीत शेजारी शेजारी इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं. मी शिकाऊ पोरांना हातातली कामं ठेवून बोलावलं आणि प्रत्येकाला लिफ्टखाली उभं केलं.

मग गाडी बेंचवर, म्हणजे सांगाडा धरून मोजायच्या आणि ओढायच्या चौकटीवर, घेतली. खालचे ठरलेले बिंदू मोजून डेटाशीटशी ताडायचे, फरक 3 मिलिमीटरच्या आत हवा. डावीकडे फायरवॉलपासून मागचे सगळे बिंदू जागेवर. उजवीकडे फायरवॉलचा बिंदू चार सेंटिमीटर आत आणि खांबाचं मापही गेलेलं.

काका मापांचा कागद बघत राहिले. "ओढून सरळ होईल ना?"

ओढून सरळ होतं, अडचण तीच आहे. नुसता वाकलेला पत्रा बेंचला धरून ओढता येतो, ताण सोडवत थोडा जास्त ओढून जागेवर आणता येतो. घडी पडलेला मेंबर मात्र बदलायचा, कंपनीने सांगितलेल्या जोडावरच कापून. खांबांच्या आत तर बोरॉन स्टील असतं. बॉडीच्या साध्या पत्र्याची ताकद 300 मेगापास्कलच्या आसपास, याची 1500 च्या घरात. ती ताकद साच्यातच तापवून झटकन थंड केल्याने आलेली असते. आपण गॅसची ज्योत लावली की ती निघून जाते आणि वरून काहीच दिसत नाही. रंग मारला की आरशासारखा चकाकतो. म्हणून या कामाची मला धास्ती वाटते. गिऱ्हाईक रंग बघून पैसे देतं आणि आम्ही काय केलं ते पुढच्या अपघातात कळतं.

अमेरिकेतल्या टेक्सासमधलं एक प्रकरण मी पोरांना नेहमी सांगतो. गारांनी चेपलेलं एका छोट्या गाडीचं छत बदलताना तिथल्या वर्कशॉपने ते वेल्ड न करता चिकटद्रव्याने बसवलं. ती गाडी पुढे एका जोडप्याने जुनी म्हणून विकत घेतली. डिसेंबर 2013 मध्ये तिचा अपघात झाला आणि दोघं गंभीर जखमी झाले. 2017 मध्ये ज्यूरीने त्या वर्कशॉपच्या वाट्याला 3 कोटी 15 लाख डॉलरची भरपाई टाकली. छत दिसायला उत्तम होतं.

दुपारी विम्याचे सर्व्हेयर आले. मी काहीच लपवलं नाही, पट्टीचेही फोटो दिले. दोन्ही मेंबर, फायरवॉल, खांब, एअरबॅग, टेन्शनरसकट सीटबेल्ट, डॅशबोर्ड आणि त्यावर मजुरी. एस्टिमेट आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांच्या वर गेलं. टोटल लॉस, म्हणजे दुरुस्ती नाही, गाडीचे पैसेच मिळणार.

काका खुर्चीत बसले. गाडी घेऊन जेमतेम वर्ष झालं होतं. थोड्या वेळाने उठून माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "भाऊ, विम्याचं राहू द्या. मी रोख देतो. तशीच पट्टी मारून द्या, माझ्या जबाबदारीवर. लिहून देतो."

आमच्या धंद्यात हे वाक्य रोज कानावर पडतं आणि रोख पैशाची गरज मलाही असते. मी म्हटलं, "काका, चालवणार कोण?" ते काही बोलले नाहीत. "तुमचा पोरगाच ना? मग मी नाही करणार. दुसरीकडे नेली तर तुम्हाला अडवू शकत नाही, पण पेडल किती सरकलंय ते एकदा हात लावून बघून जा." त्यांनी दरवाजातून वाकून पेडलला हात लावला. बराच वेळ ते तसेच वाकून होते. मग मुलाला फोन लावला आणि औषध घेतलं का एवढंच विचारलं.

टोटल लॉसचे पैसे मिळतात, पण सांगाडा उरतो. तो भंगारात विकला जातो आणि कुणीतरी पुन्हा पट्टी मारून, रंगवून रस्त्यावर आणतो. ही गाडी बहुधा अशीच काकांपर्यंत पोचली असावी. त्यामुळे आरसी रद्द करूनच क्लेम घ्या, असं मी त्यांना आणि सर्व्हेयरना दोघांनाही सांगितलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की मालकाने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. पुष्कळांना हे माहीतच नसतं. काकांना ते लगेच पटलं. पेठ रोडच्या आरटीओत ते स्वतः जाऊन आले.

पुढे त्यांनी दुसरी एक जुनी गाडी बघितली आणि टोकन देण्याआधी आमच्याकडे आणली. बरोबर विकणाराही होता. पुढचे मेंबर चोख, स्पॉटचे ठसे एकसारखे, खाचा मोकळ्या. मागे डिकीतली स्टेपनी काढली तर तिच्या खळग्यातला सीलर ब्रशने ओढलेला आणि जोडावर टाक्याचा काळा डाग. विकणारा म्हणाला, "मागून जरासं लागलं होतं, दिसतंय का कुठे?" काकांनी स्वतः बॅटरी घेतली, खळग्यात वाकून बघितलं आणि टोकनचे पैसे खिशात परत घातले.