भिंत चाटणारी गाय

"डॉक्टर, गाय पिसाळली बहुतेक. भिंतच सोडंना." संगमनेर तालुक्यातल्या एका वस्तीवरून सकाळी सहाला फोन आला.

गोठ्यात पोचलो तर एचएफ (होल्स्टीन) संकरित गाय आता दावणीची लोखंडी नळी चाटत होती. मधेच स्वतःचीच कातडी चावायची. रेबीजची शंका असताना उघडा हात तोंडात घालायचा नाही, हातमोजे चढवले. पण लाळ गळत नव्हती, पाणी नीट गिळत होती. शेण घट्ट, श्वासाला गोडसर वास. लघवीचे दोन थेंब रोथेराच्या, म्हणजे किटोन तपासायच्या पुडीवर टाकले आणि डोळ्यांदेखत गडद जांभळा रंग चढला. किटोसिस! अंगातली चरबी वितळून रक्तात किटोन वाढण्याचा आजार.

व्यायला १२ दिवस झालेले. गायीच्या मालकीण मावशींनी डेअरीच्या पावत्या पुढे केल्या. "दूध घटलंय, पण फॅट बघा की, ३.६ चं ५.१ झालंय!" मला पावती बघवेना. गायीच्या अंगावरची चरबी वितळून कासेत उतरत होती.

तीन दिवस त्या गूळ पाजत होत्या. पण गूळ पोटातले जंतूच आंबवून टाकतात. गायीला लागणारं ग्लुकोज मुख्यतः तिचं यकृत बनवतं, आणि एका लिटर दुधामागे ते साधारण ७० ग्रॅम खर्च होतं. व्याल्यावर भूक मंद, दूध मात्र चढतं. मग चरबी यकृताकडे धावते. गायीचं यकृत ती पुढे पाठवण्यात फार मंद; काही तिथंच साचते, काहीचे किटोन होतात. मी शिरेतून २५ टक्क्यांचं ५०० मिली डेक्स्ट्रोज दिलं. त्यात ग्लुकोज १२५ ग्रॅम, दोन लिटर दुधापुरतंही नाही. खरी भिस्त रोज ३०० मिली प्रोपिलीन ग्लायकॉल पाजण्यावर; त्यापासून यकृत ग्लुकोज बनवतं.

गाय उशिरा गाभण राहिली, म्हणून चार महिने आटलेली होती. पोटातल्या वासरासाठी मावशी तिला रोज सहा किलो पेंड-भरडा घालत होत्या. आटल्यावर महिनाभरानं मीच तिला तपासलं होतं. पाठीवर हात फिरवला, बरगडी हाताला लागली नाही इतकी चरबी चढलेली, तरी "छान भरलीय" एवढंच म्हणून निघालो. खुराकाचं तेव्हाच बोलायला हवं होतं. ते अजून सलतं.

तिसऱ्या दिवशी चाटणं थांबलं. पाचव्या दिवशी मुरघासात तोंड घातलं, पुडीवरचा रंगही फिका पडला. मावशींनी शेजारच्या, नुकत्याच आटवलेल्या गायीकडे बोट दाखवलं. "हिला किती घालू?"

मी आधी तिच्या बरगड्या चाचपल्या.