एनआरव्ही निवडताना पाइपच्या साइझआधी काय पाहावे

नाशिकच्या अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींतून येणारी मागणीपत्रे वाचताना एक गोष्ट नेहमी खटकते. पंप आणि मोटर यांच्यापुढे चार-चार ओळींचा तपशील असतो, आणि एनआरव्हीपुढे, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हपुढे, मात्र ‘१५० एमएम, फ्लँज्ड’ एवढेच लिहून विषय संपवलेला असतो. गेट व्हॉल्व्हच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाते, कारण तो उघडायला आणि बंद करायला माणूस असतो. एनआरव्हीला चाक नाही, दांडा नाही. त्याची डिस्क उघडते ती प्रवाहाच्या जोरावर आणि मिटते ती प्रवाह थांबल्यावर किंवा उलटू लागल्यावर. म्हणून पाइपमधला वेग किती आहे आणि प्रवाह थांबतो कसा, या दोन प्रश्नांची उत्तरे हाती येईपर्यंत प्रकार ठरवण्यात अर्थ नाही.

आधी वेगाचा प्रश्न घेऊ. तासाला ५० घनमीटर पाणी १५० एमएम लाइनमधून जात असेल, तर वेग सेकंदाला पाऊण मीटरच्या आसपास भरतो. तेच पाणी १०० एमएममधून गेले तर तो १.७ मीटरपर्यंत जातो. साध्या स्विंग एनआरव्हीची, म्हणजे बिजागरीवर दारासारखी झुलणारी, डिस्क पूर्ण उघडी राहण्यासाठी पाण्याचा वेग साधारण दीड ते दोन मीटर लागतो, आणि नेमका आकडा उत्पादकाच्या तक्त्यात मिळतो. पुढे विस्तार होईल या हिशेबाने लाइन मोठी टाकण्याची आपल्याकडे पद्धतच आहे आणि तीत गैर काही नाही. पण त्या मोठ्या लाइनमध्ये तेवढाच मोठा स्विंग एनआरव्ही बसवला, की डिस्क अर्धवट उघडून लटकत राहते आणि दिवसरात्र फडफडते. असा व्हॉल्व्ह वर्षा-दोन वर्षांनी उघडून पाहावा. बिजागरीच्या पिनचे गोल भोक लांबट झालेले असते, डिस्कमागचा नट ढिला असतो आणि सीटवर (डिस्क जिथे टेकते त्या कडेवर) एकाच बाजूला चकाकणारी घासपट्टी दिसते. माल हलका होता असा ठपका मग पुरवठादारावर येतो. अशा ठिकाणी रिड्यूसर (व्यास कमी करणारा जोड) लावून एक साइझ लहान एनआरव्ही बसवणे जास्त शहाणपणाचे असते. दाब थोडा अधिक खर्च होतो खरा, पण व्हॉल्व्ह टिकतो.

दुसरा प्रश्न प्रवाह थांबण्याचा. कूलिंग टॉवरचे दोन पंप एकाच हेडरवर, म्हणजे सामाईक पाइपवर, चालू आहेत आणि त्यांतला एक ट्रिप झाला, असे समजा. दुसरा पंप हेडरमधला दाब टिकवून असतो, त्यामुळे बंद पडलेल्या पंपाच्या डिलिव्हरीतले (बाहेर जाणाऱ्या पाइपातले) पाणी क्षणार्धात उलट फिरते. स्विंगच्या डिस्कला मोठा कोन पार करून यायचे असते. ती सीटपर्यंत पोहोचते तोवर उलट्या प्रवाहाने वेग घेतलेला असतो आणि तो एकदम अडवला जातो. धाडकन आवाज येतो आणि गेजचा काटा उसळतो. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस या आघाताचे गणित मांडले. पोलादी पाइपात दाबाची लाट सेकंदाला साधारण १,००० ते १,२०० मीटर वेगाने धावते, त्यामुळे एकाएकी अडवलेल्या प्रत्येक मीटर प्रतिसेकंद वेगामागे १० ते १२ बार जादा दाब उभा राहतो. तीन-चार बारवर चालणाऱ्या लाइनचे गॅस्केट का फुटते, याचे उत्तर अनेकदा इथे सापडते.

अशा जागी ड्युअल प्लेट एनआरव्ही बराच बरा पडतो. त्यातल्या दोन अर्धवर्तुळाकार पाट्या हलक्या असतात, त्यांना कमी अंतर कापायचे असते आणि स्प्रिंग त्यांना प्रवाह उलटण्याआधीच मिटवू लागते. शिवाय दोन फ्लँजमध्ये अडकवायचा असल्याने तो जागाही कमी घेतो. त्याच्यासाठी एपीआय ५९४ हे मानक पाहावे, आणि पाणीपुरवठ्याच्या कामातल्या स्विंग व्हॉल्व्हसाठी आयएस ५३१२. उंच टाकीकडे जाणारी लाइन किंवा अनेक पंपांचा हेडर असेल, तर अ‍ॅक्सियल म्हणजेच नॉझल प्रकाराचा विचार करावा, ज्यात डिस्क प्रवाहाच्या रेषेतच पुढे-मागे सरकते. किंमत बोचते, पण डिस्कचा प्रवास अगदी थोडा असल्याने आघात जवळजवळ होत नाही.

ईटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) गाळमिश्रित पाण्यात मात्र ड्युअल प्लेट मुळीच लावू नये. मधल्या पिनला आणि स्प्रिंगला चिंध्या-धागे गुंडाळले जातात आणि पाट्या उघड्याच अडकतात. तिथे रबर चढवलेल्या गोळ्याचा बॉल एनआरव्ही सरस, कारण गोळा फिरत राहतो आणि स्वतःच स्वच्छ होतो. डिस्क सरळ वर उचलली जाणारा लिफ्ट प्रकार स्वच्छ द्रव, लहान साइझ आणि जास्त दाब यांसाठी ठेवावा. पिस्टनच्या कॉम्प्रेसरमागे साधा स्विंग लावणे म्हणजे हातोडा बसवण्यासारखे आहे, कारण हवा ठोक्याठोक्याने येते. तिथे ठोके पचवणारा, स्प्रिंगचा खास प्रकारच घ्यावा.

सीटच्या रबराकडेही लक्ष हवे. ईपीडीएम पाण्यात उत्तम टिकते, पण तेल लागले की फुगते. तेलाचा अंश असलेल्या कॉम्प्रेस्ड हवेच्या लाइनला नायट्राइल किंवा व्हायटॉन मागावे. वाफेला धातूची सीट.

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदारांना यातला एक प्रकार चांगलाच परिचयाचा आहे, तो म्हणजे पाणी ओढणाऱ्या सक्शन पाइपच्या तळाशी बसणारा फूटव्हॉल्व्ह. पंप पाणी वर ओढतो ते हवेच्या दाबाच्या जोरावर. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने हवेचा दाब इथे पाण्याच्या भाषेत पाऊण मीटरभर कमी मिळतो, तेव्हा सक्शनमध्ये जाळी तुंबलेला किंवा अरुंद फूटव्हॉल्व्ह अधिकच महागात पडतो. ठिबकमधून खत सोडणाऱ्यांनी डिलिव्हरीवर वेगळा एनआरव्ही ठेवावाच, नाहीतर पंप बंद होताच खताचे पाणी विहिरीत उतरू शकते.

एनआरव्ही बसवताना तो एल्बोला (पाइपच्या वळणाला) किंवा पंपाच्या तोंडाला चिकटवू नये. आधी पाइपच्या व्यासाच्या किमान पाचपट सरळ तुकडा असावा. आडव्या लाइनमध्ये ड्युअल प्लेटची पिन उभी हवी, आणि उभ्या लाइनमध्ये स्विंग लावायचा तर प्रवाह खालून वर जाणाराच हवा. आणि इनक्वायरी पाठवताना साइझशेजारी किमान व कमाल प्रवाह, द्रव, तापमान, लाइन आडवी की उभी आणि हेडरवर एकूण पंप किती, एवढे लिहावे. हे न विचारताच कोटेशन पाठवणाऱ्या पुरवठादाराला आधी फोन करून हेच प्रश्न आपण विचारावेत.