इंग्रजी पाच आणि एस

गाडी शोधून विकत घ्यायला मला चार महिने लागले आणि ती माझ्या नावावर व्हायला सात. त्या सातांतले साडेपाच महिने एका अक्षरापायी गेले. ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो: पैसे देण्याआधी कागदावरचा नंबर आणि गाडीवरचा नंबर (कारखान्याने दिलेला, नंबरप्लेटवरचा नव्हे), एकेका अक्षरावर बोट ठेवून जुळवा. मी जुळवला नव्हता. आणि मी बावीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे.

गाडी १९६६ ची शेव्हरले कॉर्व्हेट स्टिंग रे, कूपे, नासाऊ ब्लू रंगाची. मी अमेरिकेतल्या कुठल्या राज्यात राहतो ते मुद्दाम लिहीत नाही, कारण नोंदणीचं नूतनीकरण अजून त्याच ऑफिसात करायचं आहे.

विकणारे आजोबा न्यूयॉर्क राज्यातले, ऐंशीच्या घरातले. गाडी त्यांच्याकडे १९७९ पासून. त्यांनी ७८ हजार डॉलर सांगितले, कारण इंजिन ‘मॅचिंग नंबर्स’, म्हणजे कारखान्यातून याच गाडीत बसून आलेलं. या दोन शब्दांवर किमतीत हजारो डॉलरचा फरक पडतो, म्हणून मी टॉर्च आणि भिंग घेऊन दोन तास बॉनेटमध्ये डोकं घालून होतो. इंजिनाच्या पुढच्या टोकाला, प्रवाशाच्या बाजूच्या सिलिंडर हेडला लागून, बोटभर रुंदीची सपाट पट्टी असते. तिच्यावर दोन शिक्के. एकात गाडीच्या नंबराचा शेवटचा भाग. दुसऱ्यात इंजिन कुठे आणि कधी जोडलं ते. या गाडीवर होतं एफ०२०८एचई: फ्लिंटचा कारखाना, ८ फेब्रुवारी, आणि एचई म्हणजे ३२७ घनइंची, ३०० अश्वशक्तीचं इंजिन. दोन्ही शिक्के बरोबर. पण पट्टी गुळगुळीत होती, घासून घासून झिजलेल्या तव्यासारखी. कारखान्यात ती पट्टी मशीनवर कापली जायची तेव्हा तिच्यावर केसासारख्या बारीक समांतर रेघा राहायच्या. इथे एकही नव्हती. मग मागे, गिअरबॉक्सच्या जोडाजवळ, ओतकामाची तारीख पाहिली: ई १२ ६. अक्षर म्हणजे महिना. ए जानेवारी, तर ई मे. १२ मे १९६६ ला ओतलेलं इंजिन त्याच वर्षीच्या ८ फेब्रुवारीला जोडून तयार! म्हणजे पट्टी घासून शिक्के नंतर कुणीतरी मारलेले.

आजोबांना दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, मला ज्याने विकली त्याने असंच सांगितलं होतं. मला ते खरं वाटलं. सौदा ६१ हजारांवर झाला. परतताना गाडीत मी स्वतःवर इतका खूश होतो की बायकोने शेवटी रेडिओ लावला.

ज्या माणसाने ओतकामाची तारीख पकडली, त्याने हातात दिलेला कागद मात्र नुसता घडी करून खिशात घातला.

त्या कागदाबद्दल. न्यूयॉर्क राज्य १९७२ पर्यंतच्या मॉडेलना टायटल, म्हणजे मालकीचा दाखला, देतच नाही. त्याऐवजी हस्तांतर करता येईल अशी नोंदणी असते आणि तोच मालकीचा पुरावा. हे मला माहीत होतं. विक्रीपावती घेतली, नोंदणीच्या मागे सही घेतली, गाडी ट्रेलरवर चढवली.

आमच्याकडच्या ऑफिसात चौथ्या खिडकीवरच्या बाईंनी नंबर टाइप केला आणि म्हणाल्या, “चार अक्षरं कमी आहेत.” मी सांगितलं, सतरा अक्षरांचा नंबर १९८१ पासून आला, आधीच्या कॉर्व्हेटला तेराच असतात. त्या म्हणाल्या, कॉम्प्युटर सतरा मागतो. मी परत १९८१ सांगितलं. त्या अगदी मदतीच्या सुरात म्हणाल्या, “मग पुढे चार शून्यं टाकू का?” पावणेदोन तास रांगेत काढले होते. मी हो म्हणणारच होतो, तेवढ्यात बायकोने माझा दंड दाबला. टाकली असती तर माझ्या नावावर जगात नसलेली गाडी झाली असती. जुन्या गाड्यांसाठी वेगळी स्क्रीन असते, हे आतून साहेब आले तेव्हा कळलं. आल्या आल्या तीच मागा.

साहेबांनी ती स्क्रीन उघडली, नोंदणी हातात घेतली, मग मी काढलेला गाडीतल्या नंबरपट्टीचा फोटो बघितला आणि म्हणाले, “हे दोन वेगळे नंबर आहेत.”

गाडीवर १९४३७६एस१ आणि पुढे पाच आकडे. यात १ शेव्हरले, ९४ कॉर्व्हेट, ३७ कूपे, ६ म्हणजे १९६६, एस म्हणजे सेंट लुईसचा कारखाना, आणि मग अनुक्रमांक. कागदावर सातवं अक्षर एस नव्हतं, पाच होतं. ७९ साली कुणीतरी टाइप करताना एसला पाच वाचलं असणार, आणि मग दर नूतनीकरणाला तेच छापून येत राहिलं. आजोबांची गाडी चाळीस वर्षं चुकीच्या नंबरावर फिरली आणि कुणाचं काही अडलं नाही. (आपला ५ असता तर हा घोटाळा जन्मात झाला नसता. सतरा अक्षरांच्या नव्या नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं आकड्यांसारखी दिसतात म्हणून वापरतच नाहीत. एस मात्र अजून आहे. एसने काय पुण्य केलंय कोण जाणे.)

यानंतरचे महिने क्रमाने सांगण्यासारखे नाहीत. साहेब म्हणाले, न्यूयॉर्कहून दुरुस्ती आणा. दुरुस्ती नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्याने मागायची, आणि आजोबा तोवर घर विकून फ्लोरिडाला गेलेले. त्यांचा नवा फोन मिळेपर्यंत पाच आठवडे. ते भले गृहस्थ, नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करून पाठवलं की गाडी तीच, टाइपिंगची चूक आहे. ते घेऊन गेलो तर चौथ्या खिडकीवर नव्या बाई. त्या म्हणाल्या, प्रतिज्ञापत्र चालेल, पण गाडीची प्रत्यक्ष तपासणी लागेल. तपासणीची तारीख सहा आठवड्यांनंतरची. हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर दोन्ही कामं बरोबर झाली असती! तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिल्याच दिवशी विचारा, “शेवटी तपासणी लागणार आहे का?” आणि लागणार असेल तर तिथेच तारीख घ्या.

तपासणीचा अधिकारी तिशीतला मुलगा. तो सरळ विंडशील्डशी गेला, काचेतून डॅशबोर्डचा कोपरा बघितला आणि म्हणाला, नंबरपट्टी काढलेली दिसते. कॉर्व्हेटचा नंबर विंडशील्डच्या खांबावर आला तो १९६८ पासून. ६६ मध्ये पट्टी ग्लोव्ह बॉक्सच्या खाली, आतल्या आडव्या पोलादी पट्टीवर असते. वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही. मी ती दाखवली. तो म्हणाला, ही जागा माझ्या यादीत नाही. शेरा लिहिला: ‘नंबर नेहमीच्या जागी नाही.’

हा शेरा वाचून माझ्या पोटात गोळा आला. नंबरपट्टीशी छेडछाड हा इथे फेडरल गुन्हा आहे, आणि संशयावरून गाडी जप्त होऊ शकते. कॅन्सासमध्ये १९५९ च्या एका कॉर्व्हेटचं तेच झालं: रिस्टोरेशनच्या वेळी पट्टी काढून परत लावलेली, नव्या मालकाला पत्ताही नव्हता, २०१७ मध्ये नोंदणीला नेली आणि पोलिसांनी जप्त केली. २०२२ साली त्या राज्याने कायदा बदलला. मी रात्री उठून गॅरेजचा दिवा लावून गाडी आहे ना हे बघून यायचो.

मे महिन्यात बाबा आले. बाबा म्हणजे कोल्हापुरात एसटीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं. त्यांनी सगळी फाइल वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “अरे, छाप घे की. आरटीओत काय देतो आपण?”

मला हे सुचलंच नव्हतं. आपल्याकडे चासी नंबरची पेन्सिलने छाप काढून फॉर्मला लावतात, ज्याने ट्रक पासिंगला नेलाय त्याला ठाऊक आहे. बाबा प्रवाशाच्या सीटपुढे उताणे झोपले, पाय दाराबाहेर. मी टॉर्च धरला. पट्टीवर पातळ कागद ताणून धरला आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासत गेले. एक, नऊ, चार… सातवं अक्षर उमटलं ते वरून गोल वळलेलं. पाचाला वर सपाट टोपी असते, इथे टोपी नव्हती. पट्टीच्या दोन्ही टोकांना पाकळ्यापाकळ्यांची रिव्हेटं असतात, कारखान्याची. ती पण छापेत फुलासारखी उमटली. बाबा म्हणाले, “फूल आलं बघ. आता कोण म्हणेल काढलीय?”

तोच नंबर दुसऱ्यांदा चासीवर असतो. ड्रायव्हरच्या बाजूला, मागच्या चाकाच्या पुढे चासीचा दांडा वर चढतो तिथे, त्याच्या वरच्या अंगाला. बॉडी न उचलता तो डोळ्याने दिसत नाही. तीस डॉलरचा एंडोस्कोप, म्हणजे वायरच्या टोकावरचा कॅमेरा, फटीतून आत सोडला. साठ वर्षांचा चिखल आणि गंज, त्यात अक्षरं पुसट. बाबा सँडपेपर शोधायला लागले आणि आमचं भांडण झालं. “नंबर साफ केल्याशिवाय दिसणार कसा?” “बाबा, हात लावायचा नाही त्याला. खरवडलेलं दिसलं की संपलं.” शेवटी रॉकेलऐवजी नुसत्या ओल्या फडक्याने, सळीच्या टोकाला बांधून, पुसलं. तिथेही एस.

दुसऱ्या तपासणीला दुसरा अधिकारी होता, पोट सुटलेला, पन्नाशीतला. छाप बघून त्याने विचारलं हे काय. मी म्हटलं, माझ्या वडिलांनी घेतली. तो मुकाट्याने गुडघ्यावर बसला, मान वाकडी करून ग्लोव्ह बॉक्सखाली बघितलं, छापेवर बोट ठेवत एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. एंडोस्कोपचा फोटो बघितला. मग बाबांकडे वळून अंगठा वर केला. सगळं मिळून बारा मिनिटं. टायटल तीन आठवड्यांनी टपालाने आलं.

मध्ये राहिलेल्या गोष्टी. कारफॅक्सवर, म्हणजे गाडीचा इतिहास सांगणाऱ्या साइटवर, नंबर टाकून वेळ घालवू नका, ते १९८१ पासूनच्याच गाड्यांचं. शेव्हरलेचा जुना हिशेब एका ठिकाणी मिळत नाही. पॉन्टिॲक घेणारे नशीबवान, त्यांची मूळ बिलं पीएचएसकडे (पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) आहेत, आणि १९६७ पासूनच्या फोर्डना मार्टी रिपोर्ट, म्हणजे कारखान्याच्या नोंदींचा उतारा, निघतो. कॉर्व्हेटच्या पेट्रोल टाकीवर कारखान्याची यादी चिकटवलेली सापडते, पण तीही ६७ पासून; आमची एका वर्षाने हुकली.

कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची, ती गंजत नाही असं सांगून कुणी गाडी विकत असेल तर मान डोलवा आणि विंडशील्डच्या खांबांची मुळं तपासा. बॉडीच्या आत पोलादी सांगाडा आहे, इथे त्याला बर्डकेज म्हणतात, तो आतून गंजतो आणि दुरुस्ती म्हणजे अर्धी गाडी खोलणं. चाकांच्या वरच्या भागात आतून हात घाला: फायबरचे जोड आतल्या बाजूने पट्टी लावून चिकटवलेले असतात. पट्टी नसेल तर पुढचा भाग कधीतरी ठोकून बदललेला आहे. विमा ‘ठरलेल्या किमतीचा’ घ्या, नेहमीचा नको. आणि घाई करू नका. ६६ साली २७,७२० कॉर्व्हेट निघाल्या, दुसरी मिळते.

आणि हो, न्यूयॉर्कची जुनी नोंदणी ऑफिसने ठेवून घेतली. आजोबांच्या नावाचा तो एकच कागद या गाडीच्या इतिहासात होता, पाच चुकलेला का असेना. देण्याआधी रंगीत प्रत काढून ठेवा. मी काढली नाही. गेल्या आठवड्यात चौथ्या खिडकीवर जाऊन मागितली, तर बाई म्हणाल्या, त्यासाठी वेगळा फॉर्म आहे, आणि फॉर्मवर गाडीचा सतरा अक्षरी नंबर लिहा.