नानांचा फोन नंबर

आज सकाळी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमची हायड्रॉलिक प्रेस (तेलाच्या दाबावर चालणारं मशीन) रुसली. पंप घरघरतोय, रॅम, म्हणजे दाब देणारा दट्ट्या, रांगतोय. निफाडकडची थंडी आत्ता आमच्या शेडमध्येही शिरलीये.

माहितीची कमतरता म्हणाल तर अजिबात नाही. मॅन्युअल आहे. एसओपीच्या, म्हणजे काम कसं करायचं त्या लेखी पद्धतीच्या, तीन आवृत्त्या आहेत, त्यातली चालू कुठली हे क्वालिटीवालाही छातीठोक सांगेना. व्हॉट्सअ‍ॅपचे पाच ग्रुप, त्यात गुड मॉर्निंगच्या गुलाबांखाली कुठेतरी मागच्या वर्षीचा ब्रेकडाउन रिपोर्ट गाडलेला. दीड तास शोधलं. (मीच तो रिपोर्ट टाकला होता, हे कुणाला सांगितलं नाही.)

शेवटी नानांना फोन लावला. दिवाळीत रिटायर झाले, सध्या सिन्नरला कांद्यात. म्हणाले, "अरे बाळा, तेल घट्ट झालंय. वीस मिनिटं बिनलोड फिरव, मग काम दे. टाकीला हात लावून बघ, कोमट लागली पाहिजे."

चालली!

नानांना निरोप देताना शाल दिली, श्रीफळ दिलं, भाषणं झाली. पण त्यांच्या हातातलं ते 'कोमट' लिहून घ्यायचं कुणाला सुचलं नाही. अमेरिकन अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच मांडलं होतं की माहिती वाढली की लक्ष आटतं. आमच्याकडे दोन्ही एकदम: ढीगही आणि भोकही.

साहेबांनी लगेच उपाय काढला, सहावा ग्रुप. 'नॉलेज शेअरिंग'. नाना त्यात नाहीत, त्यांचा फोन बटणांचा आहे.

रविवारी वही घेऊन सिन्नरला जातोय. काकू म्हणाल्या, चारनंतर या, तोवर कांद्याला पाणी चालू असतं.