वाढत्या अंगाचं हेल्मेट

अपघात विभागात इतकी वर्षं काढल्यावर माझी नजर जखमेच्या आधी कपड्यांकडे जाते. आपण नेमके कसे पडलो हे माणसाला धड आठवत नसतं, पण कपड्यांवर ते उमटलेलं असतं.

त्या रविवारी सकाळी एक वडील आपल्या बारा वर्षांच्या मुलाला धरून आत आले. दोघं सायकलवर निघाले होते, मुलगा पुढे, वडील मागे. मुलाच्या कपाळावर दाबलेला रुमाल रक्तानं भिजला होता. डोक्यावर हेल्मेट तसंच होतं. मान नीट तपासून मी ते काढलं आणि उजेडात फिरवून पाहिलं. त्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

कपाळ फुटलंय आणि हेल्मेट कोरं. हे काही केल्या जुळेना.

टाके घालायच्या आधी त्याचे हात हातात घेतले. दोन्ही तळव्यांत खडी रुतलेली. पडताना माणूस हात पुढे टाकतोच, ते थांबवणं कुणाच्याच हातात नसतं. अशी जखम नुसती वरवर धुऊन भागत नाही. बारीक कण आत राहिले तर कातडी त्यांच्यावरून भरून येते आणि गोंदल्यासारखा निळसर डाग जन्मभर राहतो. त्यामुळे जागा बधिर करून, मऊ ब्रशनं, कण न् कण काढावा लागतो. तो पोर ओठ आवळून छताकडे बघत होता. मी म्हटलं, "रडलास तरी चालेल रे." तर म्हणाला, "बाबांना वाईट वाटेल."

बाबा शेजारीच उभे होते. मुलगा पडला तसा त्यांनी करकचून ब्रेक मारला आणि तेही आडवे झाले. त्यांच्या हातमोज्यांचे तळवे फाटून आतली गादी बाहेर आली होती. खालची कातडी मात्र फक्त लाल झाली होती. आपले मोजे आणि मुलाचे हात ते आळीपाळीनं बघत राहिले.

मुलाच्या ट्रॅकपँटचा उजवा पायचा काळ्या वंगणानं माखून चिरलेला होता. दात्यांच्या चकतीत आणि साखळीत सैल कापड ओढलं गेलं, पाय अडकला आणि सायकल त्याला घेऊन कोसळली. घट्ट पँट किंवा घोट्याला बांधायची एक पट्टी, एवढ्यानं हे टळलं असतं.

कपाळाला पाच टाके पडले. मग मी टेप घेऊन त्याच्या डोक्याचा घेर मोजला, भुवयांच्या थोडं वरून. ५३ सेंटीमीटर. हेल्मेटच्या आतल्या चिठ्ठीवर माप होतं ५८ ते ६२.

"वाढतं अंग आहे ना मॅडम," वडील हळूच म्हणाले, "म्हणून मोठं घेतलं."

मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. मुलांना वाढत्या अंगाचे कपडे आपण सगळेच घेतो, आणि शर्टाच्या बाबतीत ते बरोबरच असतं. हेल्मेटही चांगलं होतं, आत ईएन १०७८ या युरोपीय मानकाची खूण होती. या चाचणीत हेल्मेट डोक्याच्या साच्यावर नीट बसवून ऐरणीवर आपटतात, आणि साच्याला बसणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या २५० पटींच्या आत राहावा लागतो. पण आधी ते डोक्यावर 'नीट बसवलेलं' असतं. या पोराचं हेल्मेट पडता पडताच मागे सरकलं आणि कपाळ उघडं पडलं.

वडिलांच्या हेल्मेटवर बाजूला नुसती खरवड दिसत होती. ते म्हणाले, "माझं तरी शाबूत आहे." मी आतल्या मऊ गाद्या काढल्या आणि थर्मोकोलसारख्या फोमवर त्यांचं बोट फिरवायला लावलं. केसाएवढी भेग होती, नखाला लागत होती. हा फोम चेपून, चिरून झटका स्वतःवर घेतो, आणि ते काम तो एकदाच करतो. त्यांनी ते हेल्मेट पुन्हा डोक्यावर ठेवलं नाही.

उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी यांवर नजर ठेवायची म्हणून मुलाला काही तास थांबवून घेतलं. तेवढ्यात वडिलांनी विचारलं, "त्याला पिवळंजर्द जाकीट घातलं होतं, ते तरी बरोबर ना?" दिवसा अगदी बरोबर. तो रंग सूर्याच्या अतिनील किरणांवर झळकतो, अंधारात ते किरणच नसतात. अंधारात गाडीचा दिवा परत फेकणाऱ्या पट्ट्या हव्यात, त्याही घोट्यांवर. वरखाली होणारे पाय दिसले की चालकाला समोर माणूस आहे हे लवकर कळतं. मला विचाराल तर जाकिटाआधी मी या पट्ट्या घेईन.

पाचव्या दिवशी टाके काढायला दोघं आले. मुलाच्या काखेत नवं हेल्मेट. सायकल अजून काही दिवस बंद, तरी तो ते घेऊन आला होता. "बघा हं," म्हणत त्यानं ते घातलं, पट्टा न लावताच मान खाली घालून डोकं जोरात हलवलं. हेल्मेट जागचं हललं नाही. मग मी पट्टे कानाखाली जुळवले, हनुवटीखाली बोट घालून पाहिलं, आणि भुवईच्या वर माझी दोन बोटं आडवी धरली. पुढची कड बरोबर त्यांच्यावर टेकली. ताजा व्रण आता दिसत नव्हता. तो पूर्णपणे कडेच्या आत गेला होता.